औषधाची चिठ्ठी, थंडीतली ब्लँकेटं आणि बागेतले मजूर

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला की दानधर्माबद्दलची पत्रं वाढतात, नाताळापेक्षाही जास्त. या खेपेला तीच एकत्र घेतली आहेत. बाकीच्यांनी थोडं थांबावं. सून-सासूची पत्रं कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न : बाई, दर रविवारी उपासना सुटली की चर्चच्या फाटकाशी एक म्हातारी औषधाची चिठ्ठी घेऊन उभी असते. मी कधी पन्नास, कधी शंभर देते. परवा चिठ्ठी हातात घेऊन पाहिली तर तारीख दिवाळीच्या आधीची! नवरा म्हणतो, हा धंदा आहे, तुला बनवतात. सासूबाई म्हणतात, मागणाऱ्याला नाही म्हणू नये, प्रभूने सांगितलंय. दोघांच्यात मी भरडली जातेय. द्यावं की न द्यावं?
— एक बँक कर्मचारी, नाशिक रोड

उत्तर : सासूबाईंचं वचन बरोबर आहे. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं आहे आणि त्याला मागेपुढे अट नाही. आता नवऱ्याच्या बाजूनेही एक जुना साक्षीदार देते, म्हणजे जेवताना सामना बरोबरीचा होईल. ‘डिडाखे’ नावाची ख्रिस्ती शिकवणीची एक छोटी पुस्तिका आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, म्हणजे मंडळ्या (ख्रिस्ती लोकांच्या उपासनेच्या सभा) लोकांच्या घरांत भरायच्या त्या काळातली. तिचं हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. तिच्या पहिल्याच अध्यायात आधी म्हटलंय, मागेल त्याला दे आणि परत मागू नकोस. आणि जरा पुढे गेलं की म्हटलंय, कोणाला देतोस हे कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामेजू दे. गरज नसताना घेणाऱ्याला जाब द्यावा लागेल, हेही तिथेच आहे. पुढे तर फिरत्या संदेष्ट्यांसाठी नियमच घातलेत : तीन दिवस मुक्काम ठोकला तर तो खोटा, निघताना पैसे मागितले तर तो खोटा. तेव्हा लोकांना बनवणारे त्या काळीही होते आणि मंडळीला ते ठाऊक होतं. तरीही ‘मागेल त्याला दे’ ही ओळ कोणी खोडली नाही. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या.

चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात योहान क्रिसोस्तोम नावाच्या धर्मगुरूने श्रीमंत माणूस आणि गरीब लाजर या येशूच्या दाखल्यावर प्रवचनं दिली. तो तुमच्या सासूबाईंच्या पक्षाचा. फुटलेल्या जहाजातला माणूस किनाऱ्याला लागला तर बंदर त्याला ‘तू चांगला की वाईट’ विचारत नाही, दान देणाऱ्याने तसं असावं, असं त्याचं म्हणणं. गरिबाची लायकी एवढीच की तो गरजू आहे.

माझं मत विचाराल, तर चौकशी जरूर करावी. फक्त ती मदत नीट पोचावी म्हणून करावी, देणं टळावं म्हणून नव्हे. फाटकात, चार लोकांसमोर, ‘मुलं किती? कमावतात का? मग तुला का बघत नाहीत?’ असं विचारणं ही उलटतपासणी झाली. पन्नास रुपयांत एवढा अधिकार विकत मिळत नाही. तेच बाजूच्या बाकावर बसून, आधी तिचं नाव विचारून बोललात तर निम्म्या गोष्टी ती आपणहून सांगेल.

आणि चिठ्ठी वाचायला शिका. जुनी तारीख म्हणजे खोटं, असं नसतं. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या वर्षानुवर्षं त्याच चालतात. नवी चिठ्ठी आणायची म्हणजे रिक्षाभाडं, सकाळपासून केसपेपरची रांग आणि एका दिवसाचं काम बुडवणं. मी चिठ्ठीवर दुकानदाराची शाई शोधते. गोळीच्या नावापुढे पेनाने ‘१०’ लिहिलेलं असतं, कधी ‘५’, कधी शिक्का. पाच-पाच गोळ्यांचे आकडे वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेले दिसले की समजावं, बाई जमतील तसे पैसे घेऊन खरंच दुकानात जाते आणि महिन्याचं औषध तुकड्यातुकड्याने घेते. चिठ्ठी घड्यांवर फाटलीय आणि शाईचा एक ठिपका नाही, तर ती काउंटरपर्यंत पोचलेलीच नाही. मग रोख न देता तिच्याबरोबर दुकानात जा. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथे जा, त्याच गोळ्या बऱ्याच स्वस्तात मिळतात. ती यायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. पैसे बंद करा, पण वॉचमनला सांगून हाकलायला लावू नका.

आता खरं काम सांगते. तुम्ही बँकेत आहात हे पत्रात सहज लिहून गेलात, माझा डोळा तिथेच अडला. ही बाई विधवा किंवा निराधार असेल, पासष्टच्या आतली असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. पासष्टच्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात. रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक खातं. यादी वाचायला सोपी आहे. आमच्या मंडळीच्या दयानिधीतून एका बाईचा असा अर्ज करायला मी गेले होते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या खानावळीत आयुष्यभर भांडी घासलेली बाई. आधारच्या मशीनवर अंगठा ठेवला, नाही उमटला. तर्जनी ठेवली, नाही. मशीनवर बसलेल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसायला लावली, मग कोरडी करायला, मग तेलाचा हात लावून बघा म्हणाला. राखेने आणि साबणाने बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. बाई मला म्हणते, ‘बाई, माझं बोट खोटं आहे का हो?’ शेवटी डोळ्यांच्या मशीनवर जमलं. पण तोवर खातं बंद पडलेलं, केवायसी नाही, मोबाइल नंबर मेलेल्या नवऱ्याचा.

हे शेवटचं कोण सोडवणार? तुम्हीच. अनुदान आता आधार जोडलेल्या खात्यातच येतं. खात्याला आधार जोडून देणं, निष्क्रिय खातं जिवंत करणं, दर वर्षी हयातीचा दाखला द्यायची आठवण करणं. तुमच्या खुर्चीतून हे अर्ध्या तासाचं काम आहे, तिच्यासाठी ते महिनोन्‌महिने हेलपाटे. तोवर पन्नास देत राहा. आणि नवऱ्याला बरोबर घेऊन जा. पुरुषमाणूस एकदा तहसीलच्या रांगेत उभा राहिला की ‘धंदा’ हा शब्द जरा जपून वापरतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या तरुण संघाने नाताळच्या आठवड्यात गोदाघाटावर ब्लँकेटं वाटली. फोटो स्टेटसला ठेवले म्हणून पाळकसाहेब रागावले. पण फोटो बघूनच पुढच्या वर्षी देणगी येते. आमचं काय चुकलं?
— संघाचा सेक्रेटरी, शरणपूर रोड

उत्तर : पाळकसाहेब मत्तयच्या सहाव्या अध्यायावरून रागावले असणार. दान देताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नको, उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नको. स्टेटस म्हणजे कर्णाच रे. देणगीदारांना हिशेब द्यायचाच आहे ना? मग ब्लँकेटांच्या गठ्ठ्याचा फोटो काढ, दुकानाच्या बिलाचा काढ. घेणाऱ्याचा चेहरा नको. तुझ्या आजोबांना कोणी शाल दिली आणि त्यांना बॅनरखाली उभं करून ‘इकडे बघा आजोबा’ म्हटलं तर तुला चालेल का?

माझी दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. डिसेंबरात रामकुंडावर कोण ब्लँकेटं वाटत नाही? तुमचा संघ, ते मंडळ, अमका क्लब, तमका नगरसेवक. एकेकाला दोन-दोन, तीन-तीन मिळतात. ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी विकली जातात. मग आपण म्हणतो, बघा, यांना किंमत नाही. नाशिकची थंडी बोचरी, ते खरं. पण जुलैत गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी चढतं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आलं की सगळं गाव पुलावर मोबाइल घेऊन पूर बघायला जमतं. तेव्हा घाटावर झोपणाऱ्यांचं बिऱ्हाड कुठे जातं, कोणी विचारलंय? मेअखेरीस ताडपत्री आणि नायलॉनची दोरी द्या. एप्रिलमध्ये चपला द्या, मापाच्या, म्हणजे आधी जाऊन पाय बघावे लागतील. तेव्हा फोटोला कोणी येणार नाही, कारण उकाडा असतो.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) मंडळीला नियमित देतो, कापणीच्या सणाला लिलावासाठी द्राक्षाच्या पेट्याही देतो. बागेत पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी दरवर्षी येते. मजुरी व्यापाऱ्याचे पैसे आले की एकदम चुकती करतो. त्यांना वेगळं काही देणं लागतो का? बायको म्हणते लागतो.
— एक बागायतदार

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय उघडा. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. एकविसाव्या ओवीत तुमचीच गोष्ट आहे : द्राक्षमळ्यातली द्राक्षं खुडलीस की मागे राहिलेली पुन्हा वेचू नकोस, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. ऑलिव्हचं तसंच, शेतात विसरलेल्या पेंढीचं तसंच. पण हे सगळं यायच्या आधी, चौदा-पंधराव्या ओवीत, काय आहे? गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात अडकलाय. आधी मजुरी, मग सरवा, म्हणजे मागे राहिलेलं वेचू देणं. दान दुसऱ्या नंबरला.

तेव्हा ‘व्यापाऱ्याचे पैसे आले की’ हे आधी बदला. द्राक्षाचे व्यापारी पैसे बुडवून पळतात, चेक परत येतात, हे मला कोणी सांगायला नको, निम्मी मंडळी बागायतदारांची आहे. पण हा धोका तुमचा धंद्याचा. टोळीने तो का उचलावा? तुमच्याकडे कर्ज द्यायला सोसायटी आहे, किसान क्रेडिट कार्ड आहे. त्यांच्याकडे मुकादम आहे, आणि मुकादमाची उचल. तुमची मजुरी लांबली की ते त्याच्याकडून पुन्हा उचल घेतात आणि पुढच्या हंगामापर्यंत बांधले जातात. रोजच्या रोज जमत नसेल तर बाजाराच्या आदल्या दिवशी हिशेब चुकता करा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. तुमच्या दशमांशाच्या पाकिटातून तो आवाज येत नसेल कशावरून?

मजुरीनंतरही दानाची पाळी लगेच येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे, म्हणजे कोंब, फुटायला वेलीच्या काडीला पेस्ट लावतात. हायड्रोजन सायनामाइड. हातमोजे देता का? चांगले, कोपरापर्यंतचे, फाटले की बदलून? कातडी सोलवटलेली पोरं मी पाहिली आहेत. आणि ते लावल्या दिवशी संध्याकाळी दारू पोटात गेली तर माणूस तांबडा लाल होतो, छाती धडधडते, जिवावरही बेततं. ही गोष्ट डब्यावर लिहिलेली असते, पण वाचून कोण दाखवतं? तुम्ही दाखवा, त्यांच्या बोलीत, मुकादमाला मध्ये न घेता. हे दान नाही, हे तुमचं कामच आहे.

हे झालं की मग सरवा. हल्ली बागेत मागे काही राहत नाही. एक्सपोर्टचा माल गेला की उरलेला लोकलला, त्यातूनही उरला तो बेदाण्याला. खाली पडलेला मणीसुद्धा कोणीतरी मोजून घेतो. म्हणून मागे मुद्दाम ठेवावं लागतं. रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात शेताचा मालक बवाज कापणाऱ्यांना हेच सांगतो : पेंढ्यांतून काही कणसं ओढून खाली टाका आणि परकी विधवा रूथ ती वेचायला लागली की तिला बोलू नका. रूथला कळलंही नसेल की हे ठरवून केलंय. शेवटच्या दोन ओळींचा माल टोळीचा, असं हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून टाका. माल त्यांनीच खुडावा, त्यांनीच विकावा. पेट्या दिल्या, फोटो काढला, असं नको. आणि त्या दोन ओळींवर औषध शेवटचं कधी मारलं ते खरं सांगा.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, पण तुमचं सदर वाचते. आमच्या कामवालीच्या मुलीला तुमच्यातले काही लोक फी आणि पुस्तकं देतात. सोसायटीत सगळे म्हणतात, यामागे धर्मांतर आहे. खरं काय? राग मानू नका.
— पंचवटी

उत्तर : राग कशाचा, ताई? तोंडावर विचारलंत हे बरं झालं. संशय हवेतून आलेला नाही. इथलंच उदाहरण घ्या. शरणपूर ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणली जायची. शाळा, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जायचं. त्यांतले काही पुढे मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. १८७३ मध्ये तो मेल्यावर त्याचा देह ज्यांनी मैलोन्‌मैल किनाऱ्यापर्यंत आणला, त्यांत आपल्या नाशिकच्या शाळेतली मुलं होती. त्यांतल्याच जेकब वेनराइटने १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत खांदा दिला. मला या गोष्टीचा अभिमान आहे. पण त्याच शाळेत त्या मुलांचा बाप्तिस्मा व्हायचा, आणि ज्याला जगात दुसरं छप्पर नाही, ते पोर ‘नको’ कसं म्हणणार, हा प्रश्न मलाही पडतो. दुष्काळांतही पोटासाठी मंडळीत आलेले होते.

म्हणून मी एकच कसोटी लावते. मुलगी प्रार्थनेला आली नाही तर फी थांबते का? थांबत असेल तर तो सौदा आहे, त्याला आमच्या शुभवर्तमानात आधार नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे परक्या पंथाचा. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला वाईट वाटलेलं दिसतं. पण त्या नवांचा रोग परत आला, असं कुठे लिहिलेलं नाही.

तुम्ही कामवालीलाच विचारा, चहा देताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नव्हे. ती म्हणाली, काही अट नाही, तर सोसायटीला सांगा, वर्गणी काढा आणि पुढच्या वर्षीची पुस्तकं तुम्ही द्या. आमचे लोक आनंदाने दुसऱ्या मुलीकडे वळतील. अशा मुली काही कमी नाहीत.

प्रश्न : दशमांश मंडळीला द्यायचा की त्यातून गावाकडच्या आजारी भावाला पाठवला तर चालेल? आणि इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते का?
— जेल रोड

उत्तर : भावाला आधी. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशाच लोकांवर चिडलाय, जे ‘हे देवाला वाहिलंय’ म्हणून आईबापांना हात दाखवतात. भावाचं औषधपाणी भागवून उरेल ते पाकिटात घाला आणि पाळकसाहेबांना तसं सांगा. ते काही म्हणाले तर मला कळवा. फक्त भावाच्या नावावर बाकीच्यांना वर्षानुवर्षं टाळू नका, भाऊ बरा झाला की पाकीट पुन्हा भरायचं.

सूट म्हणाल तर मंडळीच्या दशमांशावर सहसा नाही, कारण केवळ धार्मिक कामासाठीच्या ट्रस्टला देणगीवर सूट देणारं ८०जी कलम लागू होत नाही. रुग्णालय, अनाथाश्रम अशा ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलंत आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर मिळते. रोख २,००० रुपयांच्या वर दिलंत तर नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय. पावती मागायला लाजू नका. प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा पैसे एकट्याने नेले नाहीत, कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. मंडळीचा कारभार बघणाऱ्या आमच्या पास्टरेट कमिटीच्या वार्षिक सभेत हिशेब वाचायच्या वेळी लोक चहाला उठतात, त्यांनी तो घरी वाचावा.